तिसरी हाक

आधीच सांगून ठेवतो, यात भूत नाही. गावात दोन-चार जणांनी तसं म्हणून बघितलं. एकानं तर गिरणी चौकातल्या भोपळ्याला लिंबू-मिरची बांधली, ती मी तोडून फेकून दिली. भूत असतं तर मला चाललं असतं. भुताला काहीतरी हवं असतं, ते दिलं की ते जातं म्हणे. आमच्या रस्त्यावर जे उभं आहे त्याला काहीच नको आहे. ते उन्हानं तडकत नाही, पावसात कुजत नाही, आणि शेजारून गाडी गेली की माझ्या बायकोच्या आवाजात हाक मारतं.

मी सर्जेराव मेस्त्री. तानपुरे आणि सतारी करतो. माझे आजोबा मिरजेत हा हुन्नर शिकले आणि इथं येऊन त्यांनी दुकान टाकलं. गाव मला तोंडावर तात्या म्हणतं आणि माघारी तिरसट म्हणतं. दोन्ही बरोबर आहे.

दोन हजार सदतीस साली रस्त्यावरच्या प्लॅस्टिकवर बंदी आली. पिशव्या आणि पेले आधीच गेले होते. उरले होते ते रस्ता अडवायचे नारिंगी कोन, पिंपं, दुभाजकावरच्या लवचिक काठ्या. हे सगळं उन्हात पिठाळायचं आणि त्याचा तांबडा भुगा गटारातून ओढ्यात, ओढ्यातून पिण्याच्या पाण्यात जायचा. माशांच्या पोटात तो सापडला तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही. कुणा बड्या माणसाच्या नातवाच्या रक्तात सापडला, तेव्हा कायदा झाला.

मग काय विचारता! ज्याच्या डोक्यात जे येईल ते रस्त्यावर. आधी उसाच्या चिपाडाचे कोन आले. त्यांना गोडसर वास यायचा, गाईंनी ते दोन दिवसांत फस्त केले. मग बांबूच्या कामट्यांचे विणलेले अडथळे आले. त्यांत चिमण्यांनी घरटी केली, पक्षीवाल्यांनी ते हलवायला मनाई आणली, आणि बुजवून झालेला खड्डा पुढे तीन महिने अडवलेला राहिला. काथ्याचे खांब आले, त्यांच्या कुत्र्यांनी नखं घासून घासून झिपऱ्या करून टाकल्या. नगरपालिकेचे रस्त्याचे इंजिनियर मुल्लासाहेब भला माणूस, पण त्या वर्षात त्यांचे केस पिकले.

अशात डॉक्टर वैजयंती कुंभोजकर माझ्या दुकानात आल्या. शेतकी कॉलेजात वनस्पती शिकवतात. काखेत एक भोपळा. कडू भोपळा, ज्याची आम्ही सतार करतो तोच, पण आकार सरळ कोनाचा. मी आयुष्यभर भोपळे हाताळलेत, पण तो बोटानं वाजवला आणि चाट पडलो. दगडासारखा टणक आणि तरी हलका.

बाईंनी समजावलं ते मला पहिल्या फटक्यात कळलं, म्हणजे कुणालाही कळेल. भाताचं पीक जमिनीतून वाळूचा अंश उचलतं, म्हणून भाताचं पान हाताला कापतं. बाईंनी वाळूपासून एक क्षार काढून तो पाण्यातून भोपळ्याच्या मुळांना दिला. कवच पिकायच्या शेवटच्या तीन आठवड्यांत तो क्षार त्याच्या पेशींत जाऊन बसतो आणि कवच घट्ट होतं. आकाराचं तर सोपंच. फळ कोवळं असताना पत्र्याच्या साच्यात घालायचं, ते साचा भरेपर्यंत फुगतं. वरून नारिंगी लाख चढवायची, अभ्रकाचा पट्टा द्यायचा, म्हणजे दिव्यात चमकतो. ट्रकखाली गेला तर फुटेल, पण तुकडे मातीला मिळतील. भोपळ्याशी इमानानं वागणारा माणूस हवा म्हणून त्या माझ्याकडे आल्या होत्या.

दुकानामागं आमची सोळा गुंठे जागा. तिथं मांडव घातला. वेलांचं सगळं शालननं अंगावर घेतलं. शालन म्हणजे माझी बायको.

एक गोष्ट इथंच कबूल करतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. नगरपालिकेनं दिलेल्या कामाच्या कागदावर लिहिलं होतं की भोपळा वाऱ्यानं पडू नये म्हणून त्याच्या पोटात वाळू भरावी. मी भरली नाही. अहो, ज्याच्या तीन पिढ्या भोपळ्यातून आवाज काढण्यात गेल्या, तो त्याच्या पोटात वाळू कोंबेल? जिवंत माणसाच्या तोंडात बोळा घातल्यासारखं वाटलं मला. मी बुडाला दगडी कडं बसवलं, पोट रिकामं ठेवलं, आणि तानपुऱ्याला ठेवतो तसं एक भोकही ठेवलं. मुल्लासाहेबांनी हलवून बघितला, पडला नाही, त्यांनी सही केली. गावात दुसऱ्या कुठल्याही मेस्त्र्यानं निमूटपणे वाळू भरली असती.

शालन बोलकी. वेलांशी बोलायची, कावळ्यांशी बोलायची, न उगवलेल्या बीला टाकून बोलायची. माझ्याशीही बोलायची, पण मी कानशीनं घासत असलो की मला ऐकू येत नाही असं मी घरात पसरवून ठेवलं होतं. दुपारी बाराला ती मांडवाखाली भाकरीचं फडकं सोडायची आणि तिथूनच हाक मारायची, “अवोऽऽ”. नाव घ्यायचं नाही, नुसतं अवो, आणि शेवटचा ओ असा लांबवायचा की ओढ्यापलीकडचा गुराखी वळून बघावा.

आता आमच्या घरातली रीत सांगतो. पहिल्या हाकेला उठायचं नाही. माझे वडील उठायचे नाहीत, आजोबा उठायचे नाहीत. पहिल्या हाकेला उठला तो कारागीर कसला, हातात काम नव्हतं असा त्याचा अर्थ. दुसरीला मान वर करायची. तिसरीला कानस खाली ठेवायची. माझ्या आईनं आयुष्यभर तीन हाका मारल्या, शालननंही मारल्या, कधी चार, कधी पाच. ती चिडायची, म्हणायची, एकदा मी पहिल्या हाकेनंतर गप्पच बसेन, मग कळेल. मी हसायचो. हसायला काय जातं?

माघातला गुरुवार होता. भोपळ्यांचे शेवटचे आठ दिवस उरले होते. मी एका तानपुऱ्याची जवारी लावत होतो, म्हणजे घोडीचा माथा इतका बारीक घासायचा की तार त्याला टेकून गुंजायला लागते. तिनं हाक मारली. मी घासत राहिलो. तिनं पुन्हा हाक मारली. मी मान वर केली आणि तिसरीची वाट बघत बसलो.

तिसरी आली नाही. मला वाटलं, आज बाईसाहेब खरंच रुसल्या. मनातून बरंसुद्धा वाटलं, जवारी चांगली उतरत होती. पाऊण तासानं पोटात कावळे ओरडायला लागले तेव्हा मी उठलो. ती मांडवाखाली आडवी होती. एक हात साच्यावर, शेजारी भाकरी सोडून ठेवलेली, तिच्यावर मुंग्या. दवाखान्यात म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर हृदय वाचवता आलं असतं.

लोकांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, काही कळलंच नाही, हाक नाही की काही नाही, गुपचूप गेली बिचारी. लेकीलासुद्धा तेच सांगितलं. गौतमी आमची एकुलती एक, हुबळीला असते, तिथं बँकेत आहे. ती माझ्या गळ्यात पडून रडली आणि म्हणाली, तात्या, तुम्ही स्वतःला बोल लावून घेऊ नका. मी मान हलवली. माझ्याइतका खोटारडा माणूस त्या दिवशी गावात नव्हता.

भोपळे वाळायला तीन महिने गेले. वैशाखात ते रस्त्यावर लागले. पहिले बारा गिरणी चौकात, तिथं पाइपलाइनसाठी चर खणला होता. मुल्लासाहेब मुद्दाम मला दाखवायला घेऊन गेले. आम्ही उभे होतो, समोरून वाळूचा ट्रक आला. जवळ येता येता त्याचा घरघराट वाढला, आणि भोपळ्यांच्या रांगेतून आवाज निघाला. आधी खालच्या पट्टीत, मग चढत जाऊन लांबलेला ओ. ट्रक पुढे गेला तसा विरत गेला.

मुल्लासाहेब खूश होऊन म्हणाले, वा, हे तर गातात की. मी कडेच्या दगडावर बसलो. उन्हाचा तडाखा म्हणून त्यांनी मला सरबत पाजलं. मला त्या ओ मधला खरखरीत काठ ओळखू आला होता. थंडीत तिचा घसा बसायचा तेव्हाचा होता तो.

महिनाभरात गावभर भोपळे झाले. शाळेपाशी, कॅनॉलच्या पुलाच्या दोन्ही तोंडांना, बाजारात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी. माणसं गाडीवरून जाताना हाक आली की वेग कमी करायची, अंगवळणीच पडलं. कुणीतरी बोलावतंय असं वाटलं की पाय आपोआप ब्रेकवर जातो. कोपऱ्यावरचे अपघात निम्म्याहून खाली आले. वर्तमानपत्रात बातमी आली, बाहेरगावचे अधिकारी बघायला आले. शेंबडी पोरं भोपळ्याला ओ द्यायची आणि हसत पळायची. सगळं गाव खूश, आणि मी गल्लीच्या बाहेर पडेना. भाजी शेजारणीकडून मागवायचो. दुपारी बाराला गल्लीच्या तोंडाशी दुधाचा टेम्पो यायचा, त्या वेळी मी कानांत कापूस घालून बसायचो.

कुंभोजकर बाईंना चैन पडेना. चार भोपळे त्यांनी प्रयोगशाळेत नेले, करवतीनं कापले, कवचाची जाडी मोजली आणि आठ दिवसांनी दुकानात येऊन बसल्या. त्यांनी सांगितलं ते असं. वाऱ्यानं रोज हलणारं झाड बुंध्याला जाड होतं, आणि काठीला बांधून ठेवलेलं उंच होतं पण लेचंपेचं राहतं. जिथं हादरा बसतो तिथं वनस्पती बळ देते. मोठा, लांबवलेला आवाज भोपळ्यावर पडला की कवच ठराविक जागी थरथरतं, आणि ते पिकत असताना रोज थरथरलं तर तिथंच क्षार जास्त बसतो. प्रत्येकाच्या गळ्याची आणि तोंडाच्या पोकळीची घडण वेगळी, म्हणून प्रत्येकाच्या थरथरीच्या जागा वेगळ्या. चपलेला पायाचा आकार येतो तसा कवचाला एका गळ्याचा आकार आला होता. पुढं रस्त्यावर ट्रकचा गोंगाट पोटात शिरला की बाकीचं आत जिरतं, आणि त्या गळ्याला जुळेल तेवढंच बाहेर येतं. पोटात वाळू असती तर यातलं काही झालं नसतं, असं म्हणून बाईंनी माझ्याकडे रोखून बघितलं.

“शब्द येत नाहीत, मेस्त्री, फक्त गळा येतो,” त्या म्हणाल्या. “शालनताईंचाच ना?”

मी हो म्हटलं. मग मला राहवेना. मी विचारलं की उमटायला किती वेळा पडावा लागतो आवाज.

“एका हाकेनं काही झालं नसतं. मी हिशेब केला. रोज तीन-चार वेळा, पूर्ण ताकदीनं, लांबवून. सलग दहा-बारा दिवस तरी. इतकं कुणाला बोलवत होत्या त्या?”

मी सांगितलं, कावळे हाकलायची.

बाई गेल्या. मी रोज पहिल्या हाकेला उठलो असतो तर भोपळे मुके राहिले असते. माझ्या न उठण्यानं ते घडले होते. चौकाचौकात उभं राहून गावाला तेच सांगत होते, आणि गावाला ते गाणं वाटत होतं.

श्रावणात गौतमी आली. बसस्टँडवरून रिक्षानं येताना पाच ठिकाणी भोपळे लागतात. दारात उतरली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. मला वाटलं, आईचा आवाज ऐकून रडली असेल. पण पोरगी माझ्यावर गेलेली, सगळं नीट तपासून बघणारी. जेवण होईपर्यंत काही बोलली नाही. मग ताट बाजूला सारून म्हणाली की ही मला मारायची ती हाक नाही, मला ती नावानं हाक मारायची, आणि ती चढत नव्हती, उतरत जायची. ही तुमची हाक आहे. बाराची.

मी म्हटलं, असेल.

“तात्या, त्या दिवशी आईनं किती हाका मारल्या?”

ती त्याच घरात वाढली होती. तिसऱ्या हाकेपर्यंत मी हललो नाही तर मला ओढून आणायला लहानपणी शालन तिलाच पिटाळायची. तिला सगळं ठाऊक होतं, फक्त आकडा हवा होता. तो सांगितला असता तर तिनं पिशवी उचलली असती आणि पुन्हा या उंबऱ्यात पाय ठेवला नसता, असं मला त्या क्षणी स्वच्छ दिसलं. मला जगात दुसरं कुणी नव्हतं.

मी म्हटलं, एकही नाही.

ती ताटं घासायला उठली. दुसऱ्या दिवशी गेली. जाताना म्हणाली, दिवाळीला येईन. मी ठरवलं, दिवाळीपर्यंत बसस्टँड ते घर एकही भोपळा बोलता कामा नये.

दुरुस्तीचं काम माझ्याकडेच होतं, त्यामुळे कुणाला संशय आला नाही. हातगाडीवर नदीची वाळू घेऊन मी सकाळी निघायचो. भोपळा आडवा करायचा, भोकातून वाळू ओतायची, डिंक-चुन्यानं भोक बुजवायचं. कागदावर लिहिलं होतं तेच तर करत होतो, काही महिने उशिरा. वाळू पोटात पडताना आधी खळखळायची आणि मग आवाज बसत जायचा. पहिला भरायला मला अर्धी सकाळ लागली. पुढं हात सरावला. गिरणी चौकातले बाराही मी एकाच सकाळी भरले. दुपारी तिथून ट्रक गेला, नुसता ट्रकचा आवाज आला. मी घरी येऊन कित्येक महिन्यांनी पोटभर जेवलो.

अश्विनात धुकं पडलं. आमच्याकडे कॅनॉलमुळे असं पडतं की स्वतःचा हात दिसत नाही. बसगोंडा पाटील सकाळची पहिली खेप घेऊन निघाला होता. त्याची विजेची रिक्षा, आवाज न करणारी. पुढं एक टेम्पो चालला होता. धुक्यात हे लोक काय करायचे, तर पुढच्या गाडीला भोपळा हाक मारतो ते ऐकायचे, आणि त्यावरून वळण कुठं आणि चर कुठं ते ओळखायचे. मला हे माहीतच नव्हतं. मी घरात कापूस घालून बसलेलो, मला कुठून माहीत असणार? टेम्पो गिरणी चौकातून गेला, भोपळे गप्प राहिले. बसगोंडाला वाटलं, चौक अजून लांब आहे. त्यानं रिक्षा सरळ चरात घातली. नशीब, मागं प्रवासी नव्हते. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली चेचला.

मी दवाखान्यात गेलो. तो माझ्या गौतमीच्या वर्गातला. दोष द्यायची त्याला बुद्धीच झाली नाही, उलट मला बघून त्यालाच वाईट वाटलं. म्हणाला,

“तात्या, भोपळा बोलला नाही. बघा बरं काय बिघडलंय त्यात. दुसरं कोण पडायला नको.”

मी तिथून सरळ मुल्लासाहेबांच्या टेबलापुढं जाऊन उभा राहिलो आणि वाळूचं सगळं सांगितलं, पहिल्यापासून. कचेरीत कामं थांबली. मुल्लासाहेब ओरडतील असं मला वाटलं होतं. ते फक्त म्हणाले, तात्या, हे तुम्ही का केलंत? मला उत्तर द्यायचं होतं, पण ते त्यांच्याआधी दुसऱ्या कुणाचं तरी होतं. मी बाहेर आलो आणि पायरीवर बसून हुबळीला फोन लावला.

गौतमी, मी म्हटलं, दोन. दोन हाका मारल्या आईनं. मी तिसरीची वाट बघत होतो.

तिच्या बँकेतला पंखा का काय तो ऐकू येत होता. मग फोन बंद झाला.

दिवाळीला ती आली नाही. संक्रांतीला आली नाही. शालनच्या वर्षश्राद्धाला आली, मागं उभी राहिली आणि माझ्याशी एक शब्द न बोलता परतीच्या गाडीनं गेली. मी दरम्यान सगळे भोपळे उपसले. भोक पुन्हा उघडायचं, भोपळा उलटा धरायचा, थोपटत थोपटत वाळू काढायची. ओली झालेली वाळू चिकटून बसते, ती काडीनं खरवडावी लागते. दीड महिना लागला. बसगोंडाला कुबड्या आल्या, मग नकली पाय आला. तो मला दुकानात येऊन भेटतो, चहा पितो, कधी कधी माझ्या हातांकडे बघतो. ते मी सोसतो.

आषाढात नवे वेल लावायचे होते. कुंभोजकर बाई विचारत होत्या की या खेपेला कुणाचा आवाज द्यायचा, सिनेमातल्या एखाद्या गायिकेला बोलवायचं का. बाईंना कुठून तरी सगळं कळलं होतं, पण त्यांनी तसं दाखवलं नाही. त्याच सुमारास एका दुपारी गौतमी दारात येऊन उभी राहिली. पिशवी खांद्यावरच. आत आली नाही, बसलीही नाही.

“ती रोज हाक मारते आणि कुणी ओ देत नाही,” ती म्हणाली. “वर्ष होऊन गेलं. आता तुम्ही द्या. पहिल्या हाकेला.”

एवढंच बोलली. मी हो म्हटलं. मग मात्र तिला रडू आवरेना, आणि ती उंबऱ्यावरच बसली. मी पाणी आणलं, ते तिनं घेतलं. मला माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि अजूनही म्हणालेली नाही.

कवचं पिकायला लागली तेव्हापासून एकवीस दिवस मी मांडवात बसलो. बाराच्या सुमाराला दुधाचा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी यायचा. तिथला भोपळा हाक मारायचा, आणि मी जागच्या जागी उभा राहून जीव खाऊन ओरडायचो, “ओऽऽ, आलो.” टेम्पोमागून दुचाकी, दुचाकीमागून ट्रॅक्टर. जितक्या हाका तितक्या वेळा, दर वेळी पहिल्यालाच. शेजारणी भिंतीवरून बघायच्या. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं म्हणाल्या असतील, म्हणू देत. पहिल्या दिवशी मला लाज वाटली. सातव्या दिवशी माझा घसा बसला. एकविसाव्या दिवशी टेम्पो आला नाही, त्याचं चाक पंक्चर झालं होतं. मी चार वाजेपर्यंत उभा राहिलो.

मुल्लासाहेबांकडे मी एकच मागणं मागितलं. नव्यातला एक भोपळा कॅनॉलच्या पुलावर लावा. तिथं बाजाराकडच्या तोंडाला शालनचा राहू दे, स्टँडकडच्या तोंडाचा काढून माझा लावा. ते काही न विचारता स्वतः येऊन लावून गेले. मी पुलाच्या कठड्यावर जाऊन बसलो.

बाजाराकडून पहिली जीप आली. शालननं हाक मारली. जीप पूल ओलांडून माझ्यापाशी येईपर्यंत मध्ये चांगली चार श्वासांची शांतता गेली, आणि मग माझा भोपळा ओ म्हणाला. तिथंसुद्धा उशिरा. मग स्टँडकडून एक दुचाकी आली. तिच्या आवाजानं आधी माझाच भोपळा बोलला, कुणी हाक मारायच्या आधी. पलीकडून तिची हाक निघाली, आणि तोवर माझं बोलून झालं होतं. मी तासभर ऐकत होतो. अंतर पुलाएवढं आहे, ते मला हलवता येत नाही. मुल्लासाहेबांना विचारलं, ते म्हणाले, तात्या, भोपळे मधे आणले तर गाड्या कुठून जाणार?

पण कधी कधी दोन्हीकडून दोन गाड्या एकदम पुलावर येतात. पूल अरुंद, म्हणून सहसा एक थांबते, दुसरी निघते. दिवसातून एखाद्या वेळी मात्र दोघांपैकी कुणीच थांबत नाही. तेव्हा तिची हाक आणि माझी ओ एकाच वेळी निघते. मी बाराला भाकरी घेऊन कठड्यावर जातो. गौतमी येते तेव्हा तीही माझ्याबरोबर बसते. तो आवाज आल्याशिवाय मी भाकरीचं फडकं सोडत नाही.